बोल, वेंडेल

डेटन, ओहायो
सोमवार, ४ ऑगस्ट २०१४

प्रिय आयडेला,

फोन केला की तू ‘हॅलो’ म्हणतेस, माझा श्वास ऐकतेस आणि ठेवून देतेस. श्वासावरून ओळखतेस म्हणजे अजून बहीणच आहेस. म्हणून कागद घेतला. कागद फाडता येतो, पण वाचल्याशिवाय फाडणाऱ्यातली तू नव्हेस. माझी सगळी प्रेमपत्रं माझ्याआधी तूच वाचायचीस.

एक विचारायचं आहे. विचारतो आणि गप्प बसतो. ‘दार लोटून घे’ या गाण्यात मध्येच सगळे थांबतात, नुसता ड्रम आणि गिटार उरते, ती आठ आवर्तनं. तिथं हात कसा मारला होतास? त्रेचाळीस वर्षं मी ते वाजवतोय. सूर तेच, जागा त्याच, गिटारही त्याच सालातली. तरी रेकॉर्डवर तार जशी खाकरते तशी माझी खाकरत नाही. तिथला हात तुझा आहे हे आपल्या दोघांना ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही. मला नुसती रीत हवी.

लहानपणी आई रात्रपाळीला हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आणि दिवसा घरात झोपलेली. आवाज झाला की चप्पल यायची, म्हणून मी तारांवर तळवा दाबून वाजवायचो, नुसती चिक्-चिक्. त्या चिक्-चिकवर पुढं माझं पोट भरणार आहे हे कुणाला माहीत होतं! तू डावखुरी, गिटार उजव्या हाताची आणि माझी. तारा बदलू द्यायचो नाही, म्हणून तू ती तशीच उलटी करून मांडीवर घ्यायचीस, बारीक तारा वर, जाड खाली. मी खिदळायचो. आई झोपेतच म्हणायची, “वेंडेल, तिला रडवू नकोस.” तू कुठं रडत होतीस, तू वाजवत होतीस.

शिकायला येणारे लोक त्या तुकड्याबद्दल विचारतात, म्हणून लिहिलं. दुसरं काही कारण नाही. दोन ओळी पुरेत.

तुझा भाऊ,
वेंडेल


डेटन
शुक्रवार, १५ ऑगस्ट

आयडेला,

दोन ओळी आल्या नाहीत. ठीक आहे. मी तरी कुठं खरं लिहिलं होतं! माझ्याकडे हल्ली शिकायला कोणी येत नाही.

खरं असं आहे. १३ सप्टेंबरला, शनिवारी, वेस्ट थर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जिथं आमच्या बँडच्या हॉलिस क्रचरची तालमीची खोली होती, तिथल्या फुटपाथवर शहर माझा हात उमटवून घेणार आहे. ओल्या सिमेंटमध्ये, उजवा, आणि खाली पितळी अक्षरांत नाव. महापौरबाई येणार, शाळेचा बँड येणार, तळलेल्या मासळीच्या गाड्या लागणार. आणि मी तो तुकडा वाजवायचा, एकट्यानं. ड्रमसुद्धा नाही, ड्रमवाला पिंकी केव्हाच वर गेला. उघडी गिटार, आणि समोर आपल्या वस्तीतली अशी म्हातारी माणसं, की ज्यांनी ती रेकॉर्ड वाजवून वाजवून गुळगुळीत केली आहे.

आजवर निभावून नेलं. “आवाज वेगळा येतो” असं कोणी म्हणालं की सांगायचं, “वयानं हात बदलतो, दादा.” हे मी पंचविसाव्या वर्षीही सांगत होतो. एकदा रॉटरडॅमला कार्यक्रम संपल्यावर एक पोस्टमन आत आला. टोपी हातात धरून फार अदबीनं म्हणाला, “साहेब, राग मानू नका, पण रेकॉर्डवरचा माणूस डावखुरा आहे. त्याची बारीक तार आधी वाजते.” मी त्याला सही दिली, पाठीवर थाप मारली आणि हॉटेलवर जाऊन दाराला आतून खुर्ची लावली. तो काय मला मारायला येणार होता? पण लावली. तेव्हापासून मी खालून वर हात मारून पाहतोय. बारीक तार आधी वाजते, पण खाकरत नाही.

नाव मी घेतलेलं नाही, आयडेला. हे तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस. नाव हॉलिसनं घेतलं. फायरबॉक्स बँड त्याचा, गाणं त्याचं, गाता गाता ज्याचं नाव घेईल त्याचं कल्याण. “बोल, वेंडेल, बोल!” रेकॉर्डवर असं एकदा पडलं की बाप्तिस्म्याचं नावही इतकं घट्ट चिकटत नाही. त्या दिवशी स्टुडिओत मी नेमका तोंड धुवायला गेलो होतो. तू माझा डबा घेऊन आलीस, गिटार स्टुलावर दिसली, तू उचललीस. हॉलिसची पाठ तुझ्याकडे. त्याच्या लेखी त्या स्टुलावर वेंडेलच बसतो. चूक त्याची. यात मी काय करणार होतो?

परवा त्याची बायको भेटली, लग्न होऊनही वस्तीत सगळ्यांची ‘मिस’च राहिलेली मिस वर्नेल. चौऱ्याऐंशी वर्षांची, टोपीत अजून पीस. मला म्हणाली, “बहीण येणार ना रे तुझी?” मी म्हटलं, “तिला गुडघ्याचा त्रास आहे.”

तुला गुडघ्याचा त्रास आहे का?

वेंडेल


डेटन
शुक्रवार, २९ ऑगस्ट

आयडेला,

मिस वर्नेल आज घरी आली. लिंबाचा केक घेऊन आली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे, कारण ती बाई उगाच केक करत नाही. बसली, हातमोजे काढले आणि म्हणाली, “हॉलिस जाताना मला सांगून गेला होता, वेंडेलकडे एका पत्राची चौकशी कर म्हणून. एकाहत्तर सालातलं पत्र. त्याच्या बहिणीला पोचलं का विचार. सहा वर्षं माझ्या डोक्यातूनच गेलं बघ. पोचलं ना रे?”

मी म्हटलं, “पोचलं.”

“मग मी तिलाच विचारते त्यात काय होतं ते. नंबर दे.”

मी चष्मा शोधायचं सोंग केलं. ती माझ्याकडे पाहत होती आणि चष्मा माझ्या डोक्यावर होता. “राहू दे, मी काढीन नंबर,” म्हणाली आणि गेली. केक अजून तसाच झाकलेला आहे.

आता ऐक. मी तोंड धुवायला गेलो नव्हतो. चौदा वेळा टेप फिरली आणि चौदा वेळा मी त्या आठ आवर्तनांत तोंडावर आपटलो. हॉलिस सगळ्यांदेखत म्हणाला, “वेंडेल, तू मला गोष्ट सांगतोयस. मला नुसता खोकला पाहिजे. जा, गाडीत बस, डोकं रिकामं झालं की ये.” मी गाडीत बसून रडलो, तेवीस वर्षांचा घोडा. परत आलो तर दारावरचा लाल दिवा लागलेला, म्हणजे आत टेप चालू. काचेतून पाहिलं तर तू. डबा पायाशी, गिटार उलटी, डोळे मिटलेले, आणि तारांवर तळवा, आई पलीकडे झोपल्यासारखा. पिंकी तोंड वासून तुझ्याकडे बघत होता, पण ठोका सोडत नव्हता. हॉलिस भिंतीकडे तोंड करून ओरडला, “बोल, वेंडेल, बोल!” मी काचेबाहेर उभा, आणि माझं नाव आत चाललेलं.

तो मंगळवार होता. बुधवारी हॉलिसनं मला बाजूला घेतलं. पिंकीनं त्याला खरं सांगितलं होतं. त्यानं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं, वर तुझं नाव. “आईच्या हाती देऊ नकोस, ती चुलीत घालेल. बहिणीला दे. आजच.” मी ते गिटारच्या पेटीच्या अस्तरात सरकवलं.

संध्याकाळी तू विचारलंस, “क्रचरसाहेब काही म्हणाले का?” आणि मी सांगितलं, “म्हणाले, बँडमध्ये पोरगी नको. त्यात उलटी गिटार, लोक हसतील.” हे हॉलिस कधीही म्हणाला नाही. हे माझं. तू भांडी घासत होतीस. पाठ वळवलीस आणि घासत राहिलीस.

गुरुवारी त्यानं विचारलं, “बहीण कुठंय?” मी म्हटलं, “आई नाही म्हणते.” त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, “बरं. मग आहे तसं जाऊ दे.” बँडमध्ये गिटारवाला एकच लागायचा, आयडेला. तू आली असतीस तर घरी मी बसलो असतो. ती आठ आवर्तनं ऐकलेला कोणीही हे सांगेल.

आईला पुरून आलो त्या दिवशी स्वयंपाकघरात तू म्हणालीस, “वेंडेल, एकदा तरी म्हण. लोकांत नको, इथं म्हण.” मी हसून विचारलं, “काय म्हणू?” त्याला सव्वीस वर्षं झाली. रूबेन गेला तेव्हाही मी टोलेडोला आलो नाही. तुझ्या नवऱ्याच्या शवपेटीपाशी तू पुन्हा तेच म्हणशील, याची भीती वाटली.

पाकीट सोबत आहे. मी उघडलेलं नाही, आईची शपथ. मिस वर्नेलच्या आधी तुला मिळावं म्हणून तातडीच्या टपालानं धाडतोय. चांगुलपणानं नाही, धास्तीनं. तेही लिहून टाकतो.

वेंडेल


टोलेडो
शनिवार, ६ सप्टेंबर

वेंडेल,

गुडघे ठणठणीत आहेत.

मिस वर्नेलनं चर्चमधून माझा नंबर काढला. मी सांगितलं, पत्र मिळालं, मजकूर तेरा तारखेला कळेल.

पाकीट परत पाठवते आहे, तसंच बंद. इतकी वर्षं जपलंस तर उघडण्याचे कष्टही तूच घे. पण घरात नाही. ज्या लोकांसमोर हात उमटवणार आहेस त्यांच्यासमोर उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. चांगलं निघालं तर लाज तुझी, वाईट निघालं तर माझी. मी तयार आहे. मी त्रेचाळीस वर्षं असं समजून काढली की लोक मला हसले असते. अजून एक शनिवार काढीन.

ती रेकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मिस ओपलच्या केसांच्या दुकानात कामाला होते. केस सरळ करायचा तापलेला कंगवा हातात होता. रेडिओवर माझा हात वाजला आणि तुझं नाव ओरडलं. गिऱ्हाइकाचा कान भाजला. ती बाई किंचाळली. मी नाही किंचाळले. ते राहूनच गेलं.

तू विचारलंस हात कसा मारायचा. डावा मारायचा.

चष्मा विसरू नकोस.

आयडेला पेटवे


डेटन
गुरुवार, ११ सप्टेंबर

आयडेला,

हे करायला लावू नकोस. तुला एकटीला सांगितलं ना! सगळं सांगितलं, गाडीत रडलो तेसुद्धा.

माझ्याकडे दुसरं आहे काय? बारा वर्षं फायरबॉक्सच्या बसमध्ये मागच्या सीटवर अंग मोडून झोपलो. मग लोकांना यंत्रावरचा ठोका आवडायला लागला, हॉलिसनं बस विकली, आणि मी गाड्यांच्या ब्रेकच्या कारखान्यात लागलो. तिथं कुणाला माहीत नव्हतं मी कोण ते. मग नव्या पोरांनी आमच्या रेकॉर्डी धुंडाळून त्यांचे तुकडे आपल्या गाण्यांत जोडले, आणि बरोब्बर तीच आठ आवर्तनं उचलली, हॉलिसच्या ओरडण्यासकट. किराणा दुकानातली मुलगी मला म्हणाली, “म्हणजे तो वेंडेल तुम्ही?” मी म्हटलं, “हो.” पंचेचाळिशीत माणसाला पुन्हा नाव मिळालं तर तो काय म्हणेल? तू काय म्हणाली असतीस?

हा प्रश्न तुला विचारू नये, कारण उत्तर तू देशील.

चुलीवर किटली ठेवली आहे. चहासाठी नाही. पाकिटाचा डिंक इतका जुना झालाय की नुसती वाफ दाखवली तरी सुटेल. आधी वाचून ठेवलं म्हणजे निदान तोंड कसं ठेवायचं ते ठरवता येईल. वाईट काही असलं तर वाचताना एखादी ओळ गाळता येईल. तुझ्यासाठीच गाळीन.

किटली शिट्टी मारतेय.

बंद केली. पाकीट ओव्हनमध्ये ठेवून दार लावलंय, म्हणजे नजरेसमोर नको. ओव्हन पेटलेला नाही, घाबरू नकोस.

तू आलीस तर बरं होईल. नाही आलीस तर जास्त बरं होईल. मला काही सुचत नाही.

वेंडेल


डेटन
रविवार, १४ सप्टेंबर

आयडेला,

तू आली नाहीस. मी प्रत्येक टोपीखाली पाहिलं.

चारशे माणसं तरी असतील. महापौरबाई बोलल्या, शाळेचा बँड वाजला, मग मी गिटार गळ्यात अडकवून उठलो तर लोक आधीच सुरू झाले, “बोल, वेंडेल, बोल!” मी खिशातून पाकीट काढलं. म्हटलं, “वाजवण्याआधी एक वाचायचं आहे. हॉलिस क्रचरनं माझ्या बहिणीला लिहिलेलं आहे आणि मी ते तिला दिलं नव्हतं.” आपल्या लोकांना कागद हातात दिसला की प्रवचनच वाटतं, चर्चमधल्यासारखी मधूनमधून साद सुरू होते. कोणीतरी ओरडलं, “वाचा, दादा!” डिंकाला बोट लावताच तो सुटला. आत काय होतं ते जसंच्या तसं उतरवतो.

“मिस आयडेला, मंगळवारी माझी पाठ तुमच्याकडे होती.” इथं एक बाई म्हणाली, “हो रे देवा!”

“गिटार तुम्ही वाजवलीत आणि मी नाव दुसऱ्याचं घेतलं. मी कुणाचं नाव उगाच घेत नाही, म्हणून ही चूक मला खुपते आहे.” मागून कुणीतरी “वाचा” म्हणालं, पण हळू.

“गुरुवारी सकाळी दहा वाजता स्टुडिओत या. काही वाजवायचं नाही. तो तुकडा दुसऱ्यांदा तसा होणार नाही, तुमच्याकडूनही नाही. नुसतं माझ्यासमोर उभं राहा, म्हणजे मी बघून नीट नाव घेईन आणि ते आधीच्या जागी घालू. शुक्रवारी टेप रेकॉर्ड छापायला सिनसिनाटीला जाते, मग हात लावता येणार नाही.”

 इथं मी कागद खाली केला. मिस वर्नेल पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. म्हणाली, “सही येईपर्यंत वाच.”

“आपला, हॉलिस क्रचर. ता. क. तुमच्या भावानं डब्याला हात लावला नाही. त्याला म्हणावं, उपाशी पोटी रुसू नये.”

एवढंच. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्यात तुला बँडचं आमंत्रण आहे. माझी जागा जाईल म्हणून मी ते दाबलं, आणि त्यानं माझी जागा मागितलीच नव्हती. ‘मग आहे तसं जाऊ दे’ म्हणाला ते बँडबद्दल नाही, नावाबद्दल. मी होतो तिथंच राहिलो असतो, आयडेला. रेकॉर्डवर फक्त तुझं नाव असतं. बारा वर्षं तो दर कार्यक्रमात “बोल, वेंडेल” ओरडायचा आणि माझ्याकडे एकदाही पाहायचा नाही. मला वाटायचं, डोळे मिटून गातो.

मिस वर्नेल म्हणाली, “त्या गुरुवारी दुपारी तीनपर्यंत टेप अडवून बसला होता. मी भांडले त्याच्याशी, म्हटलं कुठल्या बाईची वाट बघतोयस?” मग तिनं मान फिरवली आणि पुढं माझ्याशी बोलली नाही.

कोणीतरी ओरडलं, “इतकी वर्षं बनवलंस की रे आम्हाला!” कोणी हसलं. एक बाई रडत होती, का ते माहीत नाही. सिमेंटवाला माणूस बिचारा थापी घेऊन उभा. मला कुजबुजला, “साहेब, वीस मिनिटांत घट्ट होईल. हात ठेवताय ना?” मी म्हटलं, “हा तो हात नाही.” महापौरबाई हातातला कार्यक्रमाचा कागद उलटसुलट करून बघत होत्या, जणू हे त्यात छापलेलं असेल. मी वाजवलं नाही. गिटार उतरवली आणि खुर्चीवर बसून राहिलो. वीस मिनिटं आम्ही सगळे तो ओला चौकोन बघत होतो. तो कोराच वाळला. पितळी अक्षरं अजून बसवली नव्हती, ती त्या माणसानं फडक्यात गुंडाळून परत नेली.

लाज वाटली. सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं काही झालं नाही. आज चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही.

स्टुडिओच्या जागी आता टायरचं दुकान आहे. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या, पंचवीस तारखेला, सकाळी दहा वाजता मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहणार आहे. तू येशील म्हणून नाही. ठरल्या वेळी तिथं कोणीतरी असायला हवं होतं, म्हणून.

तो तुकडा तू वाजवलास. मी नाही. तू स्वयंपाकघरात म्हणायला सांगितलं होतंस, ते हे.

वेंडेल


टोलेडो
शुक्रवार, १९ सप्टेंबर

वेंडेल,

दहाला पोचायचं तर मला सातला घर सोडावं लागेल, आणि इतक्या लांब मी नुसती उभी राहायला येणार नाही.

गिटार मी आणते. डबा तू आण.

आयडेला